कपाट क्रमांक चार

रावेरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत
एकोणतीस वर्षं मी याच्यावरची धूळ पुसतो.
बाटलीतला साप, पाय मोडलेला खेकडा,
आणि हे: काठवटीएवढं, पांढरं, कडेला दुमडलेलं,
जणू कुणी भाकरी थापता थापता उठून गेलं.

पहिल्या दिवशी हातात घेतलं
तेव्हा शेजारच्या उखाला विचारलं होतं,
"हाऊ दगड शे का जीव शे?"
उखा म्हणाला, "पगार तितलाच शे. पुस."

चिठ्ठी वाळवीनं अर्धी खाल्ली.
'टर्बिना' एवढं उरलंय,
खाली निळ्या शाईत: ओखा, सहल, १९८३.
भंगाळे सर तेव्हा तरुण होते,
ओहोटीच्या चिखलात गुडघाभर उतरले
आणि टॉवेलात गुंडाळून एस्टीनं घेऊन आले.
आता तसं उचललं तर गुन्हा आहे.
तेव्हा नुसता वास होता, आठवडाभर.

समुद्र मी पाहिलेला नाही.
सुरतेला गेलो होतो, साडूच्या पोरीच्या लग्नाला;
तापी तिथे रुंद झालेली दिसली.
पुढं तिचं काय होतं ते बघायला
कुणी थांबलं नाही, जेवणं उरकायची होती.

यंदा तडवी मॅडम आल्या.
कपाट उघडून बराच वेळ गप्प बसल्या,
मग सांगू लागल्या, मला, शिपायाला,
की एकेका भोकात एकेक जीव राहायचा,
हरभऱ्याएवढा,
हात बाहेर काढून पाणी चाचपायचा.
एकाच्या कुशीतून दुसरा, दुसऱ्याच्या तिसरा,
सगळ्यांनी मिळून चुन्याचं हे घर,
वर्षाला बोटाच्या पेराएवढं.
मी म्हटलं, म्हणजे पीलच की.
केळीला तरी कुठं बी असतं?
एका आईच्या बुडातून अख्खा तालुका उभा आहे.
त्या हसल्या. वहीत 'पील' लिहून घेतलं.

यांच्या अंगात शेवाळ राहतं, म्हणाल्या,
डोळ्यांना न दिसणारं.
घर याचं, चूल त्याची.
गढूळ पाण्याला हे भीत नाही, गाळ अंगावर घेतं.
पण पाणी दोन अंश जास्त तापलं
आणि महिनाभर तसंच राहिलं,
तर चूल पेटवणाऱ्यालाच बाहेर काढतं,
पांढरं पडतं, आणि मग भुकेनं
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दोन अंश.
बाहेर सत्तेचाळीस होतं.
आमच्याकडे दोन अंश चहा येईस्तोवर चढतात.
आम्ही डोक्याला उपरणं गुंडाळतो, घडांना गोणपाट,
आणि म्हणतो, गेल्या साली याहून जास्त होतं.
मला हसू यायला हवं होतं.
पण बागेच्या पश्चिमेची ओळ आठवली,
लू लागल्यावर ती पडत नाही,
नुसती मान टाकते, हिरवीच्या हिरवी.

मॅडमनी नवी चिठ्ठी लिहिली,
शेवटी लाल पेनानं: असुरक्षित.
मी विचारलं, हे याचं की तिकडच्यांचं?
इथं तर कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मग मी ते धुवायला घेतलं.
नळाच्या, म्हणजे तापीच्याच पाण्यात बुडवलं
आणि भोकाभोकांतून बुडबुडे येत राहिले,
थांबत, पुन्हा येत.
मला ठाऊक होतं, ती हवा याची नाही,
या खोलीचीच आहे, खडूची, आमच्या बोलण्याची.
तरी वाकून कान लावला.
उखा असता तर म्हणाला असता,
"काय म्हनी ऱ्हायना?"

पाणी गढूळ झालं.
टब घेऊन मागच्या दाराशी गेलो,
आणि ही नाली पुढं नदीला मिळते की नाही
हे नेमकं कुणाला विचारावं ते न कळून
तसाच उभा राहिलो, हातात जड पाणी.